किंमत आधी की वस्तू आधी?

वर्धा शहरातील मगन संग्रहालयात निरनिराळ्या बनावटीचे चरखे जपून ठेवलेले आहेत. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तेथील चरखे पाहणारा मनुष्य बहुधा स्वातंत्र्यचळवळीचा विचार करीत पुढे सरकतो. व्यापारी घरातील मनुष्याने मात्र तेथे थोडे अधिक थांबावे. सामान्य घराला परवडेल असे यंत्र कोणत्या किमतीस द्यावे, आणि त्या किमतीत त्याने काय काय करून दाखवावे, या प्रश्नाचा इतका काटेकोर विचार आपल्याकडे फार थोड्या वेळा झाला आहे.

आज वर्धा, आर्वी, हिंगणघाट वा पुलगाव येथील दुकानात नवा टॅब्लेट विक्रीस येतो, तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात समोर उभा राहतो. पेटीवरील किंमत कमी दिसली की गिऱ्हाईक येते, हे खरे. परंतु आलेले गिऱ्हाईक समाधानाने घरी जाईल किंवा नाही, हे त्या आकड्यावर ठरत नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ‘आकाश’ टॅब्लेटचा इतिहास होय.

पस्तीस डॉलरची घोषणा

२२ जुलै २०१० रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी नवी दिल्लीत एका लहान संगणकाचा नमुना लोकांसमोर ठेवला. त्याची अपेक्षित किंमत ३५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सोळाशे रुपयांच्या आसपास, सांगण्यात आली. पुढे ती आणखी उतरेल, अशीही आशा व्यक्त झाली. वस्तू कारखान्यातून निघण्यापूर्वीच तिची किंमत जगभर पोहोचली.

त्यानंतर निविदा निघाल्या. डेटाविंड या कंपनीला एक लाख संचांचे काम मिळाले आणि आयआयटी राजस्थानकडे या प्रकल्पाची जबाबदारी आली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’चे विधिवत अनावरण झाले. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांस पडणार होता. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती आणि अँड्रॉइड २.२ ही प्रणाली, असे त्याचे स्वरूप होते.

या किमतीचे आकर्षण समजून घ्यावयाचे तर वर्धा जिल्ह्याचे माप वापरावे. आणि ते माप म्हणजे कापूस. २०११-१२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,३०० रुपये होता. त्याच वर्षी जानेवारीत भारतात आलेल्या ॲपलच्या आयपॅडची किंमत २७,९०० रुपयांपासून सुरू होत होती. म्हणजे आयपॅडसाठी शेतकऱ्याला आठ क्विंटलहून अधिक कापूस विकावा लागला असता, तर ‘आकाश’साठी पाऊण क्विंटलही पुरे होता. समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातील बापाने मुलासाठी हे यंत्र घेण्याचा विचार करावा, इतके ते प्रथमच जवळ आले होते.

चौदा लाख नावे

डिसेंबर २०११ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी २,५०० रुपये किमतीस ऑनलाइन नोंदणी खुली झाली. पहिले ३०,००० नग तीन दिवसांत संपल्याचे जाहीर झाले. पाठोपाठ ‘युबीस्लेट ७ प्लस’ ही सुधारित आवृत्ती २,९९९ रुपयांस जाहीर झाली. जानेवारी २०१२ च्या प्रारंभी नोंदणीचा आकडा चौदा लाखांवर गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकल्या.

कोणत्याही व्यापाऱ्याला हेवा वाटावा असा हा आकडा. परंतु जुन्या पेढीवरील मुनीम येथे थबकला असता. नाव नोंदविणे, विसार देणे आणि पूर्ण पैसे मोजून माल उचलणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली केवळ उत्सुकता दर्शविते, दुसरी विश्वास दर्शविते आणि तिसरीच खरी विक्री होय. ज्या पानावर नोंदणी लिहिली जाते, तेथे नफा लिहिता येत नाही. विसार घेतला असेल तर तो जमेस दिसला तरी माल हाती पडेपर्यंत देणेच असतो.

पुरवठा या मागणीच्या जवळपासही पोहोचला नाही. यंत्राने कोणत्या कसोट्यांना उतरावे, यावरून संस्था आणि कंपनी यांच्यात मतभेद झाले. पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालत नव्हता, त्यावर दाब द्यावा लागे. प्रोसेसर संथ आणि बॅटरी अपुरी असल्याची टीका झाली. पहिल्या ‘आकाश’मध्ये इंटरनेटसाठी केवळ वाय-फायचा आधार होता. २०११ साली वर्धा जिल्ह्यातील खेड्यात वाय-फाय कोठून येणार? शिवाय विदर्भातील ग्रामीण भाग तेव्हा भारनियमनाने त्रस्त होता. दिवसातून काही तास वीजच नसेल तर बॅटरीची टिकाऊ शक्ती ही चैनीची नव्हे, निकडीची बाब ठरते. पाऊण क्विंटल कापसात यंत्र घरी आले असते, पण ते चालविण्याचा खर्च त्या किमतीत धरलेला नव्हता.

दुसरा प्रयत्न आणि बदललेला बाजार

२०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली तेथे यंत्राबरोबरच शैक्षणिक प्रणाली आणि अध्यापकांच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ चे अनावरण झाले. सरकारसाठी किंमत होती २,२६३ रुपये. विद्यार्थ्याला तो अनुदानामुळे १,१३० रुपयांस मिळावयाचा होता. प्रोसेसर १ गीगाहर्ट्झचा, स्मृती ५१२ एमबी आणि पडदा बोटाच्या स्पर्शाला सहज दाद देणारा.

येथे व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावे असे एक सत्य दडलेले आहे. अवघ्या तेरा महिन्यांत जवळजवळ त्याच किमतीस स्मृती दुप्पट झाली आणि वेग अडीचपटीहून अधिक वाढला. ज्याच्या गोदामात जुना माल पडून असेल, त्याचे काय? तूर वा गहू नीट ठेवला तर पुढील हंगामापर्यंत त्याला भाव येण्याची आशा असते. इलेक्ट्रॉनिक वस्तू कितीही जपून ठेवली तरी तिचा भाव उतरतच जातो.

एव्हाना बाजारही बदलला होता. एप्रिल २०१२ मध्ये मायक्रोमॅक्सने ‘फनबुक’ हा टॅब्लेट ६,४९९ रुपयांस आणला. तो ‘आकाश’पेक्षा महाग होता, पण तो दुकानात मिळत होता, हातात घेऊन पाहता येत होता आणि बिल घेऊन घरी नेता येत होता. उपलब्ध असलेली महाग वस्तू ही उपलब्ध नसलेल्या स्वस्त वस्तूवर मात करते, याचा अनुभव देशाने घेतला.

हिशेबाची एक वही

समजा, जिल्ह्यातील एखाद्या दुकानदाराने नव्या टॅब्लेटचे दहा नग प्रत्येकी ९,००० रुपयांस घेतले. कराचा हिशेब सोयीसाठी बाजूला ठेवू. त्याची गुंतवणूक ९०,००० रुपयांची झाली. पहिल्या महिन्यात सात नग ९,९०० रुपयांप्रमाणे गेले. नफा ६,३०० रुपये. दुकानदार प्रसन्न झाला. इतक्यात कंपनीने नवी आवृत्ती आणली आणि उरलेले तीन नग आणखी तीन महिन्यांनी ८,००० रुपयांप्रमाणे काढावे लागले. तेथे ३,००० रुपये गेले. अडकलेल्या २७,००० रुपयांवर दरमहा एक टक्क्याने तीन महिन्यांचे व्याज ८१० रुपये झाले. हाती उरले २,४९० रुपये. एखाद्या गिऱ्हाइकाचा संच बिघडला आणि तो घेऊन नागपूरच्या सेवा केंद्रापर्यंत दोन फेऱ्या माराव्या लागल्या, तर त्यातूनही काही जाणार.

याचा अर्थ हा व्यवसाय करू नये, असा नव्हे. सात नग विकल्यावर हुरूप येऊन आणखी दहा मागविणे आणि उरलेले तीन आधी काढून मग पाचच मागविणे, या दोन निर्णयांत वर्षअखेरीचा फरक पडतो, एवढेच. त्यातही वर्धा जिल्ह्यात मागणीला ऋतू आहे. दिवाळीनंतर कापूस घरात येऊ लागतो, तो विकला गेला की हाती पैसा खेळतो; जूनमध्ये तोच पैसा बियाणे, खते आणि शाळेच्या शुल्काकडे वळतो. जूनमध्ये शाळा सुरू होतात म्हणून टॅब्लेटचा मोठा साठा करणाऱ्याने, त्याच महिन्यात पेरणीही असते हे विसरू नये.

किंमत ही एकटी अट नव्हे

आता पुन्हा चरख्याकडे वळू. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्या काळी एक लाख ही डोळे विस्फारावेत अशी रक्कम होती. अटी अशा की, यंत्र वजनाने हलके व सहज हलविता येण्याजोगे असावे. खेड्यातील झोपडीत हाताने वा पायाने ते चालावे. स्त्रीला फार श्रम न पडता आठ तास त्यावर काम करता यावे आणि तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. यंत्र वेळोवेळी देखभाल करून किमान वीस वर्षे चालावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून, म्हणजे साडेसात रुपयांहून, अधिक नसावा.

किमतीची अट येथेही आधीच ठरली होती. परंतु ती एकटी नव्हती. तिच्यासोबत काम, आयुष्य, दुरुस्ती आणि वापरणाऱ्याचे श्रम यांचाही करार होता. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनही एक यंत्र या स्पर्धेसाठी पुढे आले होते. तथापि सर्व अटींना उतरणारे यंत्र मिळाले नाही आणि पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. नामुष्की टाळण्यासाठी अटी सैल करून, अपुरे यंत्र खेडोपाडी पाठविण्याचा मोह तेथे टाळला गेला. घोषणेचा मान राखण्यापेक्षा सूत कातणाऱ्या बाईच्या साडेसात रुपयांचा मान मोठा मानला गेला.

‘आकाश’च्या बाबतीत हेतू वाईट नव्हता. गरीब घरातील मुलाच्या हाती संगणक यावा, ही इच्छा थोरच होती. त्या घोषणेमुळे स्वस्त टॅब्लेटची मागणी केवढी आहे, हे साऱ्या उद्योगाला दिसले, हाही लाभ झाला. उणीव एवढीच की किमतीचा आकडा सर्वांच्या तोंडी झाला आणि दुरुस्ती, वीज, इंटरनेट, पाठ्यसामग्री यांचे आकडे मागे राहिले. टाटांच्या ‘नॅनो’ मोटारीनेही हाच धडा दुसऱ्या बाजूने दिला. जानेवारी २००८ मध्ये लाखाची गाडी म्हणून तिचे जगभर कौतुक झाले, २००९ मध्ये दोन लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या. पण ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळखच पुढे तिला जड गेली. गिऱ्हाइकाला परवडणारी वस्तू हवी असते. आपण गरीब आहोत असे चारचौघांत सांगणारी वस्तू नको असते.

काउंटरवरील चार प्रश्न

आज टॅब्लेटवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याचे बरेचसे सुटे भाग परदेशातून येत असल्याने डॉलर वधारला की किंमतही हलते. या दोन गोष्टी दुकानदाराच्या हाती नाहीत. बाकीच्या पुष्कळ आहेत. माल मागविण्यापूर्वी त्याने विचारावे: सेवा केंद्र किती अंतरावर आहे? नवी आवृत्ती आल्यास न विकलेल्या नगांवर कंपनी भावातील फरक भरून देते काय? गिऱ्हाइकाने विचारावे: हे यंत्र नेमके कोण, कशासाठी आणि दिवसाला किती वेळ वापरणार? दोन वर्षांनी बॅटरी बदलावी लागली तर ती मिळेल काय आणि कितीला?

या चार प्रश्नांची उत्तरे बिलासोबत एका कागदावर लिहून देणारा दुकानदार पहिल्या दिवशी कदाचित एखादे गिऱ्हाईक गमावील. कदाचित तो म्हणेल, “काका, तुमच्या मुलीला अभ्यासाचे धडेच पाहावयाचे असतील, तर हा महागडा नको, तो साधा पुरेल.” त्या वाक्याने त्याचे काहीशे रुपये जातील. परंतु पुढील कापूस विकला जाईल, तेव्हा तेच काका आपल्या भावाला घेऊन त्याच दुकानाची पायरी चढतील, आणि कंपनीने भाव कितीने उतरवला, याची चौकशी न करता थेट विचारतील, “आमच्यासाठी कोणता योग्य, ते तुम्हीच सांगा.”