कळवणची ग्रामसभा कुठे गेली?

सरकार जितके कमी तितके चांगले, हा विचार आपल्याकडे २०१४ पासून ‘मिनिमम गव्हर्नमेंट’ या घोषणेच्या रूपाने फार गाजवला गेला. घोषणा ऐकायला गोड आहे. पोलिसाची काठी, तलाठी कचेरीचे हेलपाटे आणि साहेबाच्या टेबलावर अडलेली फाईल ज्याने सोसली, त्याला सरकार कमी झालेले का आवडणार नाही? परंतु सरकार मागे सरले की त्या मोकळ्या जागेत कोण येऊन बसतो, हा प्रश्न घोषणा देणारे विचारत नाहीत. बाबासाहेबांनी तो १९४७ सालीच विचारला होता. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, राज्याने हात आखडता घेतला म्हणजे सर्वांना स्वातंत्र्य मिळते असे नव्हे. जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि कारखानदाराला कामाचे तास वाढवून मजुरी कमी करण्याचे स्वातंत्र्य मिळते, एवढेच.

तेव्हा सत्तेला लगाम हवा तो दोन्हीकडे: मंत्रालयालाही आणि सावकारालाही. असा दुहेरी लगाम संविधानात कुठे असेल तर तो पाचव्या अनुसूचीत आहे, आणि त्याचे काय झाले हे पाहायचे असेल तर नाशिक जिल्ह्यातील कळवणला जावे.

पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तिन्ही तालुके राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशानुसार संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. सप्तशृंगी गडावर दरवर्षी लाखो लोक जातात. आपण एका वेगळ्या घटनात्मक हद्दीत पाऊल टाकले, याची कल्पना त्यातल्या किती जणांना असते? या हद्दीत संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा लागू होणार नाही, किंवा बदल करून लागू होईल, असे राज्यपाल अधिसूचना काढून ठरवू शकतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय विकता येत नाही. महसूल संहितेतील कलम ३६-अ त्यासाठी १९७४ साली आले. समता खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली आंध्र प्रदेशच्या कायद्याचा अर्थ लावताना सांगितले की, सरकार हीसुद्धा एक बिगर-आदिवासी ‘व्यक्ती’च आहे आणि अनुसूचित क्षेत्रातील जमीन तिला खाजगी खाण कंपनीला भाड्याने देता येणार नाही. सरकारला मर्यादा घालणे म्हणजे काय, ते या एका निकालात समजते.

पण लगाम राज्यपालांच्या हाती, आणि राज्यपाल चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने! ज्या लेखणीने संरक्षण द्यायचे तिनेच ते सैलही करता येते. २०१७ साली महत्त्वाच्या सरकारी प्रकल्पांसाठी आदिवासी जमीन घेताना राज्यपालांच्या अधिसूचनेनेच अटी सैल करण्यात आल्या. म्हणून १९९६ च्या पेसा कायद्याचे महत्त्व आहे. त्याने लगामाचे एक टोक थेट ग्रामसभेच्या हाती दिले. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत, गौण वनोपजाची मालकी, सावकारीवर आणि दारूवर नियंत्रण, हातची गेलेली जमीन परत मिळवण्याचा अधिकार, हे सारे त्यात आहे. शिवाय सरपंचपद आदिवासीसाठीच राखीव.

इथे आपल्यापैकी कोणी कार्यकर्ता हटकेल की, बाबासाहेबांचा तर खेड्यावर विश्वास नव्हता. बरोबर आहे. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेडे हा घटक मानण्याला त्यांनी जो विरोध केला, तो जातीच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या गावाला होता. त्या गावात बहुमत म्हणजे वरच्या जातीचे बहुमत. पेसातील गाव वेगळे कल्पिले आहे. एखादा पाडासुद्धा स्वतःला गाव म्हणवून घेऊ शकतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांत त्याची रीत दिलेली आहे. मोठ्या गावाच्या पाटलाखाली दबलेल्या कोकणा वा भिल्ल पाड्याला वेगळी ग्रामसभा मिळणे, हे खेड्याचे गुणगान नसून खेडे फोडणे आहे. तरीही बाबासाहेबांचा इशारा उरतोच. त्याच पाड्यात दोन बौद्ध घरे असतील, तर ग्रामसभेचे बहुमत त्यांच्या पाणवठ्याविषयी वाटेल तो ठराव करू शकत नाही. मूलभूत हक्क ग्रामसभेच्याही वर आहेत.

आता कळवण गावाकडे येऊ. २०१४-१५ च्या सुमारास राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचा सपाटा लावला, त्यात कळवणही आले. ग्रामपंचायत गेली, तिच्याबरोबर ग्रामसभा गेली, आणि सरपंचपदाचे आदिवासी आरक्षणही गेले. नगराध्यक्षपद आदिवासीसाठी कायम राखीव ठेवणारी पेसासारखी तरतूद नगरपंचायतीला लागू नाही. एक इंच जमीन हलली नाही, माणसेही तीच. तालुका आजही अनुसूचित क्षेत्रात आहे. फक्त एका अधिसूचनेने ‘गाव’ या शब्दाचे ‘शहर’ झाले.

याला संविधानाचा आधार काय? घटनेच्या कलम २४३-एम ने पंचायतीचा भाग आणि कलम २४३-झेडसी ने नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही असे म्हटले. दोन्हीकडे वाट एकच ठेवली: संसदेने कायदा करून तो भाग लागू करावा. पंचायतींसाठी संसदेने पेसा केला. नगरपालिकांसाठी २००१ साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झालेला नाही. मग कळवणची नगरपंचायत कोणत्या अधिकाराने उभी आहे? नगरपरिषद कायदा राज्याचा, १९६५ चा, जुनाच आहे, असा युक्तिवाद सरकारी बाजूने केला जातो. परंतु त्या कायद्यात नगरपंचायतीची तरतूद आली ती ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे ज्या भागाला इथे प्रवेशबंदी आहे त्याच भागाच्या जोरावर!

कळवण ही व्यापारी पेठ आहे. इथे बिगर-आदिवासीही राहतात, त्यांनाही गटारे, दिवाबत्ती आणि पाणी हवे, आणि ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या पैशात ते होत नव्हते, हे म्हणणे खोटे नाही. पण शहराच्या सोयी आणि आदिवासीचा नकाराधिकार यांपैकी एकच निवडा, असे संविधान कुठे सांगते? २००१ च्या विधेयकाचा हेतूच दोन्हींची सांगड घालण्याचा होता. ते अडले, कारण शहरालगतच्या जमिनीला भाव असतो आणि तिथे ग्रामसभेची अडचण कोणालाच नको असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुरगाणा आणि पेठ या गावांचेही हेच झाले आहे. तिन्ही ठिकाणी निवडणुका झाल्या, नगरसेवक निवडून आले, सर्व पक्षांनी गुलाल उधळला. पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, २००१ च्या त्या विधेयकाविषयी त्याच्या पक्षाच्या खासदाराने संसदेत किती वेळा तोंड उघडले, एवढे विचारून पाहावे.