भिंती वाळायच्या आत

व्याकरणात काळ तीन; आमच्या कोकणातल्या घराला मात्र दोनच. पाऊस येण्यापूर्वीचा आणि पाऊस गेल्यानंतरचा! पहिल्याची धांदल सर्वांना ठाऊक आहे. वैशाखात शाकारणीला माणसे शोधताना रत्नागिरीकर मेटाकुटीला येतो. दुसरा काळ मात्र फराळात आणि रंगरंगोटीत निघून जातो. माझ्या मते घराची खरी परीक्षा याच दिवसांत घ्यावी.

इथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि आमच्या भिंती जांभ्याच्या. हा दगड खाणीत मऊ असतो, उघड्यावर आला की कठीण होतो. मलबारात तो विटांसारखा कापून वापरतात, म्हणून बुकानन या इंग्रजी अमदानीतील प्रवाशाने १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. दगड सच्छिद्र; पाणी पितो, तसे कोरड्या हवेत सोडतोही. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की ओल आत कोंडते, लोणा फुटतो, पोपडे पडतात. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडू शकते.

तेव्हा वाचकहो, रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी हाती खडू घ्या. ओलीच्या प्रत्येक डागाभोवती रेघ मारून त्याची जागा वहीत टिपून ठेवा. माघापर्यंत डाग वाळून जाईल. मग वैशाखात कोणते कौल फुटके, हे कोण सांगणार? भर दुपारी माळ्यावर अंधार करून वर पाहा; फटींतून उजेडाची टिंबे दिसतील. वाशांवर टकटक करा. आवाज पोकळ आला तर सुताराला दाखवा. वाळवीची मातीची नळी दिसली तर थोडी मोडा. काही दिवसांत ती पुन्हा बांधली गेली, तर वस्ती जिवंत आहे असे समजा. आणि श्रावणात फुगलेल्या दारावर रंधा मारण्याची घाई नको. पौषात ते आपोआप आक्रसते. तासलेल्या दाराची फट मात्र कायमची राहते.

आज आळीआळीत कुलूपबंद घरे दिसतात. मालक मुंबईला. गणपतीत येतात तेव्हा पाऊस चालू, मे महिन्यात येतात तेव्हा डाग वाळलेला. घराने तक्रार करावी तरी कोणाकडे? आधी एक कौल सरकते, मग रीप भिजते, वासा कुजतो, आणि एखाद्या आषाढात आढेच खाली येते. लोक म्हणतात, पावसाने घर पाडले. पावसाने नव्हे, न पाहिलेल्या डागाने.

म्हणून यंदा दिवाळीत दोन दिवस तरी गावी या. फराळाच्या डब्याबरोबर खिशात एक खडू असू द्या. विसरलात तर माझ्याकडे मागा. मास्तराच्या घरी दुसरे काही नसले तरी खडू असतोच!