एका एकवीस अंकी संख्येचे दोन अवयव

२ चा ६७वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या मिळते. पॅरिसचे धर्मोपदेशक आणि गणिती मारँ मर्सेन यांनी १६४४ साली तिचा समावेश मूळ संख्यांच्या यादीत केला होता. ही यादी दोन शतकांहून अधिक काळ टिकली.

१८७६ मध्ये एदुआर ल्यूका या फ्रेंच गणित्याने दाखवले, की ही संख्या मूळ नाही, संयुक्त आहे. नवल असे, की तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. अवयव न सापडता हे कळते कसे?

ल्यूकांची कसोटी पुढे लेमर यांनी सुटसुटीत केली. ती अशी : ४ पासून सुरुवात करा. वर्ग करून २ वजा करा आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या. त्या बाकीवर पुन्हा हीच क्रिया करा. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. ३१ म्हणजे २ चा ५वा घात वजा १. येथे ४ वरून १४ येतात. १४ वरून १९४, त्याची बाकी ८. ८ वरून ६२, त्याची बाकी शून्य. तीन पायऱ्यांत ३१ मूळ ठरली. ६७ या घातांकासाठी ६५ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही.

मग अवयव कोणते? येथे खरी अडचण सुरू होते. अशा संख्येच्या अवयवांवर एक बंधन असते. २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९; हे दोन्ही अवयव २२ च्या पटीपेक्षा १ ने मोठे आहेत. त्याच न्यायाने आपल्या संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा हवा. पण १३४ ची कितवी पट? लहान अवयवासाठी उत्तर आहे १४,४५,५८० वी!

वर्गांच्या बाक्यांचा उपयोग करून अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी हा शोध पुरा केला. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत त्यांनी मांडले :

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

कोल यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर हा गुणाकार केला आणि या कामी त्यांचे तीन वर्षांचे रविवार गेले, अशी आठवण ई. टी. बेल यांनी सांगितली आहे.

वाचकहो, पडताळा मात्र तुम्हीही घेऊ शकता. दोन्ही अवयवांतील अंकांची बेरीज ३७ आणि ६४ येते, गुणाकारातील अंकांची १०९. तिन्हींना ९ ने भागल्यास बाकी १ उरते आणि १ × १ = १. हा झाला झटपट ताळा. पूर्ण गुणाकारही कागदावर एका बैठकीत होतो.

शोधायला तीन वर्षांचे रविवार, पडताळायला एक बैठक. नेमक्या याच तफावतीवर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए ही सांकेतिक लिपी उभारली. दोन प्रचंड मूळ संख्या गुणायच्या, गुणाकार जाहीर करायचा आणि अवयव गुप्त ठेवायचे. इंटरनेटवरील कितीतरी व्यवहार या कुलपावर विसंबून आहेत.

संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याची वेगवान आणि निःसंशय रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिली. अवयव शोधण्याची तशी रीत नेहमीच्या संगणकांसाठी अजून सापडलेली नाही. ती असूच शकत नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. पुंज संगणकासाठी तर पीटर शोर यांनी १९९४ मध्येच अशी रीत मांडली आहे. पुरेसा मोठा पुंज संगणक तेवढा तयार व्हायचा आहे. म्हणजे आपले कुलूप पक्के आहे ते अद्याप किल्ली कोणाला सापडलेली नाही म्हणून. मर्सेनच्या यादीतील चूकही कोणी तपासेपर्यंत अशीच टिकून होती.