भजी फसतात, अळूवडी जमते

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर आणि काही वर्षी त्याहूनही जास्त पाऊस कोसळतो. डब्यातले पापड सादळतात, मिठाला पाणी सुटते आणि संध्याकाळ झाली की काहीतरी कुरकुरीत खावेसे वाटते. शहरातल्या स्वयंपाकघरातला एअर फ्रायर आता इकडेही दिसू लागला आहे. त्यावरचा पहिला प्रयोग बहुधा कांदाभजीचा असतो आणि तो हमखास फसतो. पातळ पीठ जाळीतून खाली गळते, वर उरते ते कोरडे आणि चिवट लागते. मग यंत्र माळ्यावर जाते.

खरे तर दोष यंत्राचा नाही, त्याच्या नावाचा आहे. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेले हे यंत्र काहीही तळत नाही. वरच्या बाजूला तापणारी तार, तिच्यामागे पंखा आणि खाली जाळीची टोपली, असा हा छोटा, जोरदार वाऱ्याचा भट्टीवजा डबा आहे. १८० अंशांच्या भट्टीत हात क्षणभर घातला तर चटका बसतोच असे नाही. त्याच तापमानाच्या तेलाचा एक थेंब उडाला तरी फोड येतो. हवेपेक्षा तेल कितीतरी वेगाने उष्णता देते. म्हणूनच कढईत पडलेल्या भज्याचे पीठ तत्क्षणी आवळते आणि फुलते. वाऱ्याला ते साधत नाही. तांदळाच्या फेण्या आणि कुरडया यांचेही तेच. त्या गरम तेलात झटक्यात फुलतात, हवेत मात्र फुलायच्या आधीच करपायला लागतात. अशा पदार्थांसाठी कढईच बरी.

याउलट जे आधीच शिजलेले आहे आणि ज्याला फक्त वरून खमंगपणा हवा आहे, तिथे हा वारा उत्तम चालतो. अळूवडी हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. पावसाळ्यात परसात अळू मुबलक असते. उंडे नेहमीसारखे वाफवून पूर्ण गार करावेत, बोटभर जाडीच्या वड्या कापाव्यात, दोन्ही बाजूंना तेलाचा हात फिरवावा आणि १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे ठेवाव्यात; मध्ये एकदा उलटाव्यात. सगळ्या घाण्याला दोन चमचे तेल पुरते. पाच मिलीचा एक चमचा तेल म्हणजे साधारण ४० कॅलरी, हे लक्षात घेतले तर फरक कळतो. कोथिंबीर वडीही अशीच होते.

मासळीत थोडी युक्ती लागते. वलगणीचे छोटे मासे असोत की बाजारातला बांगडा, कोरडे तांदळाचे पीठ किंवा रवा नुसता लावला तर पंख्याच्या वाऱ्याने उडतो आणि जागोजागी पांढरा राहतो. पिठातच चमचाभर तेल चोळून घ्यावे, मासे आधी कापडाने कोरडे करावेत आणि टोपलीत एकाच थरात, एकमेकांना न चिकटता मांडावेत. टोपली खच्चून भरली की वारा फिरत नाही, पदार्थ आपल्याच वाफेत उकडतो. बहुतेकांचा घाणा बिघडतो तो इथे. उडदाचा पापड तर इतका हलका की उडून तापलेल्या तारेला चिकटू शकतो. त्यावर छोटी जाळी ठेवायलाच हवी.

बाहेरच्या दमट हवेने यंत्राचे काही बिघडत नाही. पावसातली ओली हवा १८० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता एक टक्क्याच्याही खाली जाते. त्यामुळे सादळलेला चिवडा किंवा कुरमुरे १२० अंशांवर तीन-चार मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतात. मात्र ते पूर्ण गार झाल्यावरच, पण लगेच, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. गरम भरले तर आतल्या वाफेनेच पुन्हा मऊ पडतात. शेंगदाण्यांबाबत अधिक सावध राहावे. त्यांना बुरशी आली असेल किंवा कुबट वास येत असेल तर ते फेकून द्यावेत. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष घरगुती भाजण्याने पुरते नष्ट होत नाही.

तेल कमी म्हणजे सगळे निर्धोक, असेही नाही. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरड्या उष्णतेत गेले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होते. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ते बटाट्याच्या तळलेल्या आणि भाजलेल्या पदार्थांत दाखवून दिले. प्राण्यांमध्ये ते कर्करोगकारक ठरले आहे, माणसांबाबतचा पुरावा तितका स्पष्ट नाही. तेल असो वा नसो, ते होतेच. म्हणून बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात भिजवून, पुसून घ्याव्यात आणि सोनेरी झाल्या की काढाव्यात, तांबूस-काळ्या होईपर्यंत थांबू नये. तळायचे-भाजायचे बटाटे फ्रीजमध्येही ठेवू नयेत, थंडीत त्यांतली साखर वाढते. यंत्राचा निर्विवाद फायदा वेगळाच आहे: सणानंतर कढईत उरलेले, पुन्हा पुन्हा तापवलेले तळणीचे तेल मागे राहत नाही.

राहिला प्रश्न विजेचा. दीड हजार वॅटचे यंत्र साडेसहा अँपिअर वीज ओढते. त्याला १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेटच हवे. टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डवर ते लावू नये, घरच्या लहान इन्व्हर्टरवर तर नाहीच. दाब २३० व्होल्टवरून १९० वर आला तर तारेची उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने घटते, कारण ती दाबाच्या वर्गाप्रमाणे कमी होते. अशा संध्याकाळी यंत्र आधी पाच मिनिटे रिकामे तापवावे, घाणे छोटे घ्यावेत आणि पुस्तिकेतल्या वेळेपेक्षा पदार्थाच्या रंगाकडे बघावे. आणि २०२१ च्या जुलैसारखे पुराचे पाणी घरात शिरून यंत्र भिजले असेल, तर वरून कितीही सुके दिसले तरी जाणकाराने उघडून तपासल्याशिवाय त्याची पिन सॉकेटमध्ये घालू नये.