पंढरीच्या पांडुरंगाचा तेलुगू कवी

बार्शीहून सोलापूरकडे जाताना लागणारे वैराग हे बाजारपेठेचे गाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात भीमेच्या काठी पंढरपूर वसलेले आहे. तेव्हा आषाढी जवळ आली की येथील घरांतून वारीची बोलणी सुरू व्हावीत, यात नवल नाही. नवल याचे वाटते, की ज्या तेनाली रामकृष्णाच्या चातुर्यकथा येथील मुले ‘चांदोबा’तून वाचत वाढली, त्याचे सर्वश्रेष्ठ काव्य ‘पांडुरंगमाहात्म्यमु’ हे याच पंढरीक्षेत्राचे माहात्म्य गाते, ही वार्ता आमच्याकडे फारशी कोणाच्या कानी पडलेली नाही.

आंध्रातील गुंटूर मुलुखात, तेनाली गावाच्या परिसरात वाढलेला हा ब्राह्मण प्रथम शैव होता व रामलिंग या नावाने ओळखला जाई. उद्भट नामक शिवभक्ताचे चरित्रही त्याने काव्यबद्ध केले. आणि पुढे वैष्णव मताचा अंगीकार करून तो रामकृष्ण झाला. १५०९ ते १५२९ या काळात विजयनगरावर राज्य करणाऱ्या कृष्णदेवरायाच्या दरबारी ‘अष्टदिग्गज’ म्हणून गाजलेल्या आठ कवींत परंपरा त्याची गणना करते, जरी काही अभ्यासक त्याला त्या राजाच्या नंतरच्या काळात नेतात. मला अभ्यासकांच्या शंकेत तथ्य वाटते, कारण पांडुरंगावरचे हे काव्य त्याने कोणा सम्राटाला नव्हे, तर विरूरी वेदाद्री नावाच्या एका मंत्र्याला अर्पण केले आहे.

लोकांनी मात्र त्याला विदूषक करून राजाच्या शेजारीच बसविले, आणि त्याच्या लहानपणाची एक कथाही सांगितली. सहस्र मुखांची काली पुढे प्रकट झाली असता हा पोरगा भिण्याऐवजी हसू लागला, आणि देवीने कारण विचारताच म्हणाला, की आई, मला पडसे झाले तर हे एक नाक पुसता पुसता जीव मेटाकुटीस येतो, मग तुझी काय अवस्था होत असेल! ही कथा इतिहासाच्या दप्तरात सापडणार नाही. परंतु देवतेपुढेही माणसाच्या नाकाचा विसर न पडणारी जी दृष्टी तिच्यात दिसते, तीच त्याच्या गंभीर काव्यातही आहे, आणि म्हणून विदूषक व कवी ही दोन निराळी माणसे होती असे मला कधी वाटत नाही.

‘पांडुरंगमाहात्म्यमु’तील निगमशर्म्याचे आख्यान याची साक्ष आहे. कुलीन, विद्वान घराण्यात जन्मून व्यसनांत बुडालेल्या या तरुणाला सुधारण्यासाठी त्याची थोरली बहीण सासरहून माहेरी येते, त्याला जवळ बसवून समजावते, घराण्याची अब्रू, वृद्ध आईबाप आणि तरुण पत्नी यांची आठवण देते. तोही काही दिवस शहाण्यासारखा वागतो, आणि सर्वांचा विश्वास बसताच एका रात्री तिचेच दागिने घेऊन पसार होतो. सकाळी त्या बहिणीने मांडलेला आकांत वाचताना हसावे की रडावे हे कळत नाही, कारण भावाविषयीची माया आणि गेलेल्या अलंकारांची हळहळ ही दोन्ही तिच्या मुखी इतकी एकजीव झालेली आहेत, की एकीपासून दुसरी वेगळी काढता येत नाही. या बहिणीला कवीने नावसुद्धा दिलेले नाही; ती केवळ ‘निगमशर्म्याची अक्का’ आहे, आणि तेवढ्या ओळखीवर ती तेलुगू वाचकांच्या घरात पिढ्यानपिढ्या नांदते आहे. शेवटी सर्व दुराचार करून थकलेल्या निगमशर्म्याला पांडुरंगाच्या क्षेत्रात मरण येते, त्याच्या जीवासाठी यमदूत आणि विष्णुदूत यांचा वाद जुंपतो, आणि क्षेत्राच्या पुण्याईने तो उद्धरून जातो.

विठोबाला विजयनगरच्या मुलुखात परका कोण म्हणेल? हंपीचे भव्य विठ्ठलमंदिर आजही उभे आहे, आणि कृष्णदेवरायाने नेलेली विठ्ठलमूर्ती एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी पंढरीस परत आणली, ही आख्यायिका वारकऱ्यांना मुखोद्गत आहे. मूर्तीची कथा आपण जपली. काव्य तिकडेच राहिले. वास्तविक सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची वस्ती कित्येक पिढ्यांची आहे. त्यांच्यातील एखाद्या जाणत्या वाचकाने अर्थ सांगावा, आणि चातुर्मासात वैरागच्या एखाद्या कीर्तनकाराने निगमशर्म्याच्या अक्केचे आख्यान उत्तररंगास लावावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.