पिंजऱ्यातला सोबती आणि घरातली हवा

कुर्डुवाडीतील माझे एक वयोवृद्ध रुग्ण एकटेच राहतात. सोबतीला एक बजरीगर होता. (आपला देशी पोपट पाळण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार मनाई आहे.) एके सकाळी नॉनस्टिक तवा पेटत्या गॅसवर ठेवून ते विसरले. थोड्या वेळाने पाहतात, तो पक्षी पिंजऱ्यात मरून पडलेला.

रिकामा तवा अतिशय तापला की त्याच्या लेपातून विषारी वायू निघतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा सतत एकाच दिशेने वाहते. त्यामुळे प्राणवायूप्रमाणे विषही झपाट्याने भिनते. म्हणूनच ब्रिटनच्या कोळसाखाणींत 1986 पर्यंत धोक्याच्या सूचनेसाठी कॅनरी पक्षी ठेवीत.

तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. उदबत्ती, डासांची कॉइल व कीटकनाशकाची फवारणी त्याच्याजवळ नको. पक्षी मोकळा सोडण्यापूर्वी पंखा बंद करा, बादली झाका. चॉकलेट किंवा ॲव्होकाडो भरवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पिंजरा पत्र्याखाली टांगू नका.

स्वतःलाही जपा. वाळलेली विष्ठा झाडू नका. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा, नंतर हात साबणाने धुवा. तिच्या धुळीतून सिटॅकोसिस हा आजार होऊ शकतो. ताप व कोरडा खोकला आल्यास घरात पक्षी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि घरच्या मंडळींनो, विसरलेला तवा हा केवळ पक्ष्याचा अपघात समजू नका. असे वारंवार घडत असेल, तर ज्येष्ठांची स्मरणशक्ती तपासून घ्या. आमच्या आजोबांची तपासणी त्या तव्यामुळेच सुरू झाली.