इंजिन कुणाचं, नंबर कुणाचा

मोटारीच्या इंजिनाची जागा दुसऱ्याच कुणी घेतली आणि त्याची कुणालाही खंत वाटली नाही, याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण वर्ध्याचं आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला राहायला गेले. १९४० मध्ये त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. वर्ध्यापासून अंतर आठेक किलोमीटर, पण वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात तिथं बैलांचीही परीक्षा. जमनालाल बजाजांनी आपली एक जुनी फोर्ड या कामी लावली आणि तिच्यापुढं बैलजोडी जुंपली. गांधीजी थट्टेनं तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, ही गोष्ट वर्ध्यात आजही सांगितली जाते.

मूळ इंजिनाचा मागोवा घ्यायला बसलं की ही फोर्ड आठवतेच, आणि ती केवळ गंमत म्हणून नव्हे. फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए या गाड्यांची ओळख मुळी इंजिनाच्या नंबरावरच उभी होती. कारखान्यात इंजिनावर ठोकलेला नंबर हाच गाडीचा नंबर. मॉडेल ए मध्ये तोच नंबर चेसिसच्या पट्टीवरही ठोकत, पण तो अशा जागी की वरची बॉडी उचलल्याशिवाय दिसू नये. म्हणजे अशा गाडीचं इंजिन गेलं की कागदोपत्री गाडीच गेली! आज ‘मॅचिंग नंबर’ (म्हणजे कारखान्यातून आलेलंच इंजिन गाडीत असणं) नावाचं जे प्रकरण स्पोर्ट्स कारच्या बाजारात लाखोंचा भाव वरखाली करतं, त्यामागंही हाच विचार आहे.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न कित्येक दशकं कुणाच्या मनातही नव्हता. त्याचं कारण समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. फोर्डही मागोमाग आली. कापसाच्या पैशावर चालणाऱ्या वऱ्हाड-नागपूरच्या मुलखात मालगुजार, गिरणीवाले, वकील यांच्या दारात मोटारी आल्या त्या याच काळात. मग १९५३ मध्ये दिल्लीनं ठरवलं की नुसती जुळणी करणाऱ्यांना यापुढं जागा नाही. गाडी इथं बनवायची तर बनवा. फोर्ड आणि जनरल मोटर्स १९५४ मध्ये बाहेर पडल्या. आयात आटली, आणि तिच्याबरोबर सुटे भागही. गाडी दारात, पण तिचा क्रँकशाफ्ट किंवा हेड गॅस्केट मिळायची सोय नाही. अशा वेळी मालक काय करणार? मिस्त्रीला बोलावणार. आणि मिस्त्री काय करणार? जे मिळेल ते बसवणार.

मग बोअर करून, लायनर घालून, पुन्हा पुन्हा बांधून इंजिन चालवलं जाई. ते थकलं की दुसऱ्या गाडीचं. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर लांबलचक अमेरिकन गाड्यांचे पेट्रोल पिणारे सहा आणि आठ सिलिंडर उतरवून त्यांच्या पोटात डिझेल इंजिनं गेली. पर्किन्सचं चार सिलिंडरचं, नाहीतर मॅटाडोरचं. जीपगाड्यांचंही तेच. आवाज ट्रॅक्टरचा, पण लिटरमागं किलोमीटर मिळत होते. या व्यवहारात लपवण्यासारखं काही नव्हतं. मिस्त्री अभिमानानं बॉनेट उघडून दाखवत असे.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत याचं सर्वांत मजेशीर उदाहरण म्हणजे एमजीए. ही दोन आसनी, उघडी, इंग्लंडमध्ये १९५५ मध्ये आलेली गाडी. तिचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं, ‘बी सीरीज’, १४८९ सीसी. आणि आपल्या ॲम्बेसेडरचं? तीच बी सीरीज, तेच १४८९ सीसी. ज्या इंजिनानं कलेक्टर, डॉक्टर आणि टॅक्सीवाले यांना तीन-चार दशकं वाहून नेलं, ते एका नामांकित स्पोर्ट्स कारचं सख्खं भावंड होतं. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर, ॲम्बेसेडरला एक. कॅम, कॉम्प्रेशन वगैरेत फरक. पण ब्लॉक जवळजवळ तोच. तेव्हा एखाद्या एमजीएचं इंजिन बसलं तर कलकत्त्याच्या हिंदुस्तान मोटर्सचा ब्लॉक हा सगळ्यांत सरळ उपाय होता. इंग्रज मिस्त्रीनंही दुसरं काही केलं नसतं.

अशा गाडीचं इंजिन मूळ आहे की नाही हे ओळखायचं कसं? एमजीएच्या सुरुवातीच्या गाड्यांच्या इंजिन नंबरात ‘१५ जीबी’ ही अक्षरं येतात, नंतरच्या १४८९ सीसीच्या गाड्यांत ‘१५ जीडी’. पण नंबर ब्लॉकवर थेट कोरलेला नसतो. तो एका छोट्या पत्र्याच्या पट्टीवर असतो आणि पट्टी रिव्हेटनं ब्लॉकला लावलेली असते. दोन रिव्हेट कापले की पट्टी सुटते, दोन ठोकले की दुसऱ्या ब्लॉकवर बसते. त्यामुळं पट्टी बघून खूश होणारा माणूस कच्चा समजावा. पट्टीपेक्षा रिव्हेट बघायचे असतात, आणि ब्लॉकच्या ओतकामातली अक्षरं.

ओतकाम हा सगळ्यांत बोलका साक्षीदार. अमेरिकन शेव्हर्लेटच्या ब्लॉकवर ओतल्याची तारीखच साच्यात उमटलेली असते: महिन्यासाठी ए ते एल यांपैकी एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा आकडा. गाडी मार्चमध्ये बनली आणि ब्लॉक जूनमध्ये ओतला गेला, तर पुढचं काही विचारायची गरज नाही. शिवाय कॉर्व्हेटसारख्या गाडीत नंबर ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागावर ठोकलेला असतो. इंजिन बांधताना तो पृष्ठभाग लेथवाल्याकडून घासून घेतला तर नंबर आपोआप जातो. कुणी लबाडी न करताही पुरावा नष्ट होतो, हे लक्षात घेतलं पाहिजे. घासलेल्या जागी नवा नंबर ठोकला असेल, तर कारखान्यातल्या यंत्रानं पृष्ठभागावर सोडलेल्या बारीक समांतर रेषा तिथं नसतात. जाणकार भिंगातून त्याच शोधतो. जॅग्वारच्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनात नंबर ब्लॉकवरही असतो आणि हेडवरही, शेवटी कॉम्प्रेशन सांगणारा ८ किंवा ९ यांसारखा आकडा. ब्लॉक एक सांगतो आणि हेड दुसरं, असं झालं तर निदान अर्धं इंजिन पाहुणं. आणि जॅग्वारची वारसा संस्था मूळ नोंदवहीवरून दाखला देते: चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे नंबर, रंग, पाठवणीची तारीख. विलायतेत लोकांना शोध सोपा वाटतो, तो या वहीमुळं.

आपल्याकडे वही होती ती आरटीओची. आणि वर्ध्याच्या बाबतीत या वहीचा प्रवास फार वळणावळणाचा. जिल्हा १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि मग मध्य प्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. तेव्हा १९५० ची गाडी असेल तर तिच्या कागदांवर एकाहून अधिक राज्यांचे शिक्के असायचे. पुढं नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला, एमएचचे क्रमांक आले, वर्ध्याच्या वाट्याला एमएच ३२.

जुन्या जाडजूड आरसी बुकाला माझ्या लेखी मोठी किंमत आहे. त्यात बदलांसाठी पानं असत. इंजिन बदललं की जुना नंबर शाईनं खोडून नवा लिहीत, तारीख घालत, सही-शिक्का करत. ज्याला वाचता येतं त्याला त्या खाडाखोडीत गाडीचं सगळं आयुष्य दिसतं: कधी इंजिन बदललं, कधी मालक बदलला, कधी कर्ज फिटलं. मग स्मार्ट कार्ड आलं, ‘वाहन’ ही संगणकीय नोंद आली. कार्डावर एकच इंजिन नंबर असतो, आताचा. आधीचे सगळे पुसले गेले. नोंद सुबक झाली आणि मागोवा अवघड झाला. म्हणून जुनी गाडी घेताना कार्डाबरोबर मूळ पुस्तक मागावं. विकणारा ‘ते कशाला?’ म्हणाला तर आणखी आग्रहानं मागावं.

तपासणीतही एक फट राहिली. नोंदणीच्या वेळी चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि ते प्रिंट अर्जाला चिकटवतात. इंजिनच्या नंबरासाठी मात्र बॉनेटखाली, एक्झॉस्टच्या आडोशाला, तेलकट खाचेत मान घालावी लागते. गाडी पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी तपासणी होते, पण त्या गर्दीत किती माना आत जातात हा वेगळा विषय.

इंजिन बदलणं ही आपल्याकडे लबाडी नव्हती, कारण कागद बदलत होता. लबाडी येते ती कागद आणि लोखंड यांची फारकत झाल्यावर. याचा सर्वांत गाजलेला नमुना महाराष्ट्रातलाच, आणि तोही स्पोर्ट्स कारचाच. डीसी डिझाइनची अवंती ही गाडी २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवली गेली. भारतीय आरेखनाची, मधोमध इंजिन असलेली. इंजिन रेनोकडून घेतलेलं, दोन लिटरचं, टर्बो. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं तामिळनाडूची नोंदणी असलेली एक अवंती ताब्यात घेतली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तिच्याच इंजिन आणि चेसिस नंबरांची दुसरी नोंद हरियाणात होती. २८ डिसेंबरला कंपनीचे संस्थापक दिलीप छाब्रिया यांना अटक झाली. एकाच गाडीवर, एकाच नंबरावर अनेकदा कर्ज उचलल्याचा पोलिसांचा आरोप होता. आरोप आणि सिद्ध गुन्हा यांत अंतर असतं, ते इथंही राखलं पाहिजे. पण या प्रकरणानं एक गोष्ट दाखवून दिली: दोन राज्यांच्या नोंदी एकमेकींशी बोलत नसतील, तर नंबर कितीही ठळक ठोकलेला असो, त्याला अर्थ नाही. तो तपास करणाऱ्या पथकाचे प्रमुख सचिन वाझे यांना मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेनं (एनआयए) अटक केली, ती उद्योगपती मुकेश अंबानींच्या घराजवळ उभ्या केलेल्या, स्फोटकं असलेल्या स्कॉर्पिओच्या प्रकरणात. त्या गाडीची नंबर प्लेट खोटी होती आणि चेसिसचा नंबर घासलेला. कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर संपादकानं कापलं असतं.

घासलेला नंबर परत उमटवता येतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. पंच ठोकताना आकड्याखालचं लोखंड दाबलं जातं. वरचा थर घासला तरी खालचं दाबलेलं लोखंड तसंच राहतं, आणि पृष्ठभागावर आम्ल लावलं की ते आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या रीतीनं झिजतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळा याच तत्त्वावर आकडे वाचतात. मात्र घाव खोल असेल, जागा वेल्डिंगनं भरली असेल, तर वाचन अर्धवट राहतं.

आता कायद्यानंच ‘मूळ’ या गोष्टीची किंमत ठरवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निर्मात्यानं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येणार नाही. जुलै २०२१ मध्ये विंटेज मोटारींचे केंद्रीय नियम आले: पन्नास वर्षांहून जुनी गाडी, ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी; चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको.

कागदावर ही अट रास्त दिसते. पण विदर्भातल्या कुठल्याही जुन्या गाडीचं बॉनेट उघडा. जी आयात बंद झाल्यावरही धावत राहिली, ती दुसऱ्याच्या इंजिनावर धावली. जी मूळ इंजिनासकट शिल्लक आहे, ती बहुधा बंद पडून गोठ्यात उभी होती म्हणून शिल्लक आहे. नियम दुसरीला मान देतो आणि पहिलीला दारात थांबवतो.

त्याचा परिणाम बाजारात दिसू लागला आहे. ज्या मालकांनी डिझेल इंजिन बसवलं, त्यांचीच मुलं ते काढून त्या काळचा ब्लॉक शोधत भंगारवाल्यांकडे फिरतात. नागपूरला नाही मिळालं तर मुंबईत कुर्ल्याला. सापडलेला ब्लॉक त्याच सालचा असतो, त्याच जातीचा असतो, फक्त नंबर वेगळा. इथपर्यंत ठीक. पुढचा मोह पंचांच्या संचाचा असतो, आणि तो संच कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नंबर बदलून ‘मॅचिंग’ म्हणून विकलेल्या गाडीपेक्षा, आरसीवर सरळ नोंद करून ॲम्बेसेडरचं इंजिन मिरवणारी एमजीए मी केव्हाही पसंत करीन, भाव निम्मा आला तरी.